चिदोरीचा व्हॉल्व्ह

ग्योतोकु, ९ फेब्रुवारी २०२५

चि. कस्तुरी,

चिदोरीच्या या छोट्या प्रतिकृतीचा कणा आणि बरगड्या मी केल्या, हिनोकीच्या लाकडातून, कारण इथे साग मिळतो तो सोन्याच्या भावानं. बाहेरच्या फळ्या मी वाकवल्या. टोकाकडच्या तर तुझ्या मामीच्या मोदकपात्रात वाफवून. हे तिला कळलेलं नाही, कळवूही नकोस. डोलकाठ्या, शिडं, सुताला पीळ देऊन वळलेले दोर, नांगराच्या साखळीची कडी न् कडी. पुढची मोठी तोफ पितळी दांड्यातून लेथवर काढलेली, आतून खरोखर पोकळ. धुराडं. पंखा दोन पात्यांचा, तीन नव्हे. या बोटीला दोनच होती. दोन सिलिंडरचं इंजिन. तांब्याचा बॉयलर, जोड सगळे सिल्व्हर ब्रेझिंगचे, म्हणजे चांदीच्या झाळेचे, त्यासाठी दर शनिवारी सायकलवरून सुगिउरा-सानांच्या वर्कशॉपला गेलो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये उदबत्ती लावली तरी वरचे खाली येतात. आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह. तो मी सात वेळा केला आणि सहा वेळा भंगारात टाकला.

माझ्या हातचं नाही असं एकच, प्रेशरचं गेज. ते बाजारचं. मला त्याचा भरवसा नाही. तीन किलोला लाल रेघ मारून ठेवली आहे, पण काटा थोडा मागेपुढे दाखवणार. काटा काय म्हणतो ते सोड, माझा व्हॉल्व्ह काय म्हणतो ते ऐक.

खोकं उद्या-परवा पोचेल. आडवं करू नका.

दोन वर्षांपूर्वी तू मला, तू काम करतेस त्या बंदराच्या इतिहासाच्या दालनामागच्या देवळात घेऊन गेलीस, पाच नावांचा तो दगड दाखवलास आणि म्हणालीस, "मामा, हे चिदोरीवर कोळसा घालणारे." तेव्हापासून ही बोट माझ्या मानगुटीवर बसली आहे. गनबोट म्हणजे काय, तर लहान, उथळ, एका मोठ्या तोफेभोवती बांधलेली बोट. चिदोरी एदोत, म्हणजे आताच्या टोकियोत, बांधली, अशा सुतारांनी आणि लोहारांनी, ज्यांनी वाफेचं इंजिन जन्मात पाहिलं नव्हतं. समोर एक परदेशी आराखडा आणि त्यातली भाषा कुणाला येत नाही. मी दहावीनंतर कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो तेव्हा माझ्यापुढे जेवढं होतं, त्याहून त्यांच्यापुढे थोडंसंच जास्त. मग शोगुनची आणि बादशहाची लढाई जुंपली, आणि हरणाऱ्या बाजूबरोबर ही बोट तुमच्याकडे उत्तरेला पळून आली.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात बंदराच्या उत्सवात ती पाण्यावर चालणार आणि बॉयलर तू पेटवणार, असं कमिटीनं ठरवलं आहे. मी हो म्हणालो. आणि कस्तुरी, मला भीती वाटते. बॉयलर मी पाण्यानं सहा किलोला टेस्ट केला, थेंबसुद्धा गळला नाही. पण पाण्यानं फुटला तर पाणी सांडतं. वाफेनं फुटला तर शेजारी उभं असलेलं माणूस जातं. आणि शेजारी तू असणार.

म्हणून नियम एकच. प्रेशर तीनला गेलं की व्हॉल्व्ह स्वतःहून फुंकर टाकेल, मोठ्यानं. टाकलीच पाहिजे. त्याचा दाब ठरवून पक्का करणाऱ्या लॉकनटला पाना लावायचा नाही.

हे फोनवर का नाही सांगत? भिंत पातळ आहे आणि पलीकडे तुझी मामी बँकेच्या मीटिंगमध्ये असते. तिला वाटतं, बोट काचेच्या कपाटात जाणार. परवा जेवताना विचारलंन, "पेटवणार नाही ना कुणी?" मी आमटी वाढून घेतली. "प्रल्हाद, कुणाला भाजलं तर इथले पोलीस सर्टिफिकेट मागतील. तू काय दाखवशील, उद्यमनगर?"

मी आणखी एकदा आमटी घेतली.

प्रल्हादमामा

*

हाकोदाते, २२ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

बोट सुखरूप. ओनोदेरा-सान (आमच्या दालनाचे राखणदार, तुम्ही भेटला होतात, ते सदा झाडू हातात असलेले) खोकं उघडण्याआधी त्याला वाकले. उघडल्यावर एकेक दोर चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाले, "दोराचा पीळ बरोबर आहे." तुम्हाला हेच ऐकायचं असणार, म्हणून आधी लिहिलं.

चार दिवसांपूर्वी मागच्या सिमेंटच्या टाकीत सोडली. पूर्वी तिथे मासे जिवंत ठेवायचे. लांबच लांब आहे, तुमच्या बोटीला चांगली. बर्फ बाजूला केला, शेगडीचा गॅसचा डबा लावला, पेटवलं. मी नुसती काट्याकडे बघत होते, मग तुमचं आठवलं आणि काट्याकडे बघणं सोडलं. आणि एकदम फिस्स्स! मी किंचाळले, ओनोदेरा-सान हसले आणि मी कुकर उतरवावा तसा गॅस बंद केला. एका शिट्टीत झाली मामा तुमची चिदोरी. डाळ असती तर कच्ची राहिली असती.

पण शेजारच्या आजी लगेच फाटकाशी आल्या. फार गोड बोलल्या. त्यांच्या मांजराला त्रास होतो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्याच्या मंडळाची चिठ्ठी, आवाजाबद्दल, त्याहून गोड. इथली गोड चिठ्ठी म्हणजे आपल्याकडची शिवी. ओनोदेरा-सान घरोघरी बिस्किटांचे डबे घेऊन माफी मागून आले.

मी बरोबर होते, येताना देवळातल्या त्या दगडापाशी त्यांना विचारलं, ते पाच जण मेले कसे? दालनातल्या पाटीवर नुसतं 'अपघात' आहे. ते म्हणाले, इथे सगळ्यांना माहीत आहे, फक्त पाटीवर नाही. वसंतातल्या एका पहाटे दाट धुकं होतं. बादशहाची जहाजं खाडीच्या तोंडाशी उभी, चिदोरीला त्यांच्यामधून निसटायचं होतं. धुक्यात दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. इतक्यात व्हॉल्व्ह उडाला. वाफेचा आवाज खाडीभर. कप्तान घाबरला. आवाज बंद करा म्हणाला. व्हॉल्व्हच्या दांड्याला दोर बांधला आणि त्याला तोफेचा गोळा टांगला. आवाज बंद झाला. बोट थांबत थांबत, हळूहळू, शत्रूच्या दोन जहाजांमधून गेली. माणसं खोकलीसुद्धा नाहीत म्हणे. खाली भट्टी तशीच धगधगत होती.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. दगडावरचा बर्फ झाडायला लागले.

तुमची भीती मला तेव्हा जराशी कळली. पण मी लॉकनटला हात लावणार नाही, शपथ. आमच्या ईशानला मी हे मराठीत सांगितलं, तर तो जपानीत म्हणाला, आई, मग त्यांनी भट्टी का नाही विझवली?

कस्तुरी

*

ग्योतोकु, ३ मार्च

कस्तुरी,

तुझ्या मुलाला सांग, भट्टी विझवली की बोट थांबते आणि थांबली की पकडली जाते. म्हणून नाही विझवली. भट्टीवाल्यांना कुणी विचारलंही नसेल.

पुढचं मी तर्कानं सांगतो, चुकलं तर ओनोदेरा-सानांना विचारून कळव. इंजिन थांबलं की वाफ खर्च होत नाही. खर्च नाही आणि आग चालू, म्हणजे दाब चढत जातो. बोट जितकी हळू तितका दाब जास्त. वर डेकवर सगळ्यांना वाटत असणार, वाचलो. आणि खाली पाच जणांना पत्र्याचा आवाज ऐकू येत असणार. तांबं आणि लोखंड फुटण्याआधी बोलतं. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. मी ते पत्र वाचलं आणि उठून आपला रिकामा कुकर कपाटात आत ठेवला. हसू नकोस.

आता तुझा कुकर. व्हॉल्व्हची फुंकर म्हणजे 'झालं' नव्हे. ती म्हणजे 'पुरे'. स्वयंपाकघरात तू शिट्टीची वाट बघतेस, इथे शिट्टी तुझी वाट बघते. तिच्यावर गॅस बंद करायचा नाही, बारीक करायचा. आणि दर वेळी पेटवलंस की ती एकदा तरी ऐकायची. ऐकल्याशिवाय जवळ उभं राहायचं नाही.

आवाजाचं मंडळाला काय सांगायचं ते सांगा. दुपारी चालवा. मांजराला मासा द्या. पण माझ्या व्हॉल्व्हवर कुणी फडकं टाकायचं नाही, चिंधी नाही, टोपी नाही. ओनोदेरा-सान फार सभ्य माणूस आहेत आणि मला सभ्य माणसांची या बाबतीत धास्ती वाटते.

मामीनं निशी-कसाईच्या आपल्या इंडियन दुकानातून तुझ्यासाठी सामान घेतलं आहे, पाडव्याला म्हणून. गूळ, चिंच, गोडा मसाला, कडुलिंबाचा वाळलेला पाला. वेगळं पार्सल येईल. ती मला विचारते, काचेचं कपाट बसलं का. मी म्हणालो, काम चालू आहे. काम चालू आहे, हे खोटं नाही.

प्रल्हादमामा

*

हाकोदाते, ३१ मार्च

मामा, पाडव्याच्या शुभेच्छा.

पार्सल मिळालं. मामींना सांगा, चिंच अगदी कोल्हापूरची, काळी, चिकट. काल सकाळी बाहेर अजून बर्फाचे ढीग आणि बाल्कनीत आमची गुढी. खालून एक काका सायकल थांबवून फोटो काढून गेले.

सणाचं म्हणून परवा सगळं पितळ काढलं. समई, घंटा, आजीचा तांब्या, चिंच आणि मीठ लावून लख्ख घासलं. मग मनात आलं, आपली बोट का काळवंडलेली राहावी? ती पण सणाची. दालनात उरलेला कोळ घेऊन गेले आणि तोफ, घंटा, पाईप, व्हॉल्व्ह, सगळं जुन्या टूथब्रशनं कोपऱ्याकोपऱ्यात घासलं. पाण्यानं धुतलं, पुसलं. मामा, सोनं! ओनोदेरा-सान तर चिंच हुंगून बघत होते. लॉकनटला हात लावला नाही, नुसता चमकवला.

आणि तुम्हाला सगळ्यात आनंदाची बातमी. आज पेटवली, तर शिट्टीच नाही! नवरोबांना कामावर सुट्टी होती म्हणून अनुपही आला होता. आम्ही तिघं कान देऊन उभे. अजिबात आवाज नाही, शहाण्या बाळासारखी. नवीन होती म्हणून ओरडत असेल, आता सरावली. आणि पळाली काय! टाकीच्या या टोकापासून त्या टोकाला, मागे पांढरी रेघ. काटा लाल रेघेच्या बराच पुढे होता, पण तुम्ही म्हणालाच होतात की तो बाजारचा आहे. अनुप म्हणाला, "मामांचं इंजिन त्यांच्यासारखंच, गेजला जुमानत नाही." गॅस संपल्यावर आपोआप निवली. शेजारच्या आजी फाटकापर्यंत आल्या आणि हसून परत गेल्या.

कमिटीला इतकं आवडलं की गुरुवारी सकाळी वृद्धांच्या डे-केअरमधल्या आजी-आजोबांना दाखवायचं ठरलंय. चाकाच्या खुर्च्या टाकीच्या टोकाला, म्हणजे बोट सरळ त्यांच्याकडे येईल. मी मोठा डबा आणून ठेवलाय, मध्येच गॅस संपायला नको.

कस्तुरी

*

ग्योतोकु, गुरुवार ३ एप्रिल

कस्तुरी,

तुझं पत्र आत्ता पोस्टमननं दिलं. दारातच वाचलं. आज गुरुवार आहे.

तुझा फोन वाजतो आणि उचलत नाहीस. अनुप म्हणाला, कामावर असताना ती फोन लॉकरमध्ये ठेवते, दालनाचा नियम आहे. मग दालनाला लावला. ओनोदेरा-सानांनी उचलला. माझं जपानी तुला माहीत आहे, दुकानापुरतं. मी "चिदोरी, तोमेते, तोमेते" एवढंच ओरडत राहिलो. थांबवा, थांबवा. पलीकडे रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला, कापल्याचा नाही, टेबलावर ठेवल्याचा. त्यानंतर मी ऐकतो आहे. दूर कुठेतरी टाळ्या वाजतात. रिसीव्हर कुणी उचलत नाही. फोन कानाला आहे आणि उजव्या हातानं हे लिहितो आहे, कारण हाताला काही काम नसलं तर मी वेडा होईन.

ती सरावलेली नाही. चिंचेचा कोळ व्हॉल्व्हच्या दांडीभोवती गेला, पाण्यानं तिथला धुतला गेला नाही आणि तापल्यावर त्याचा चिकट गोंद झाला. मिठानं पितळ चरलं. व्हॉल्व्ह जाम आहे. काटा खरं सांगत होता.

पुन्हा टाळ्या वाजल्या. आता कुणीतरी ओरडलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार आहे. पोचेल तेव्हा जे व्हायचं ते झालेलं असेल, तरी टाकणार आहे.

*

हाकोदाते, ६ एप्रिल

मामा,

फोनवर तुम्ही मला धड बोलू दिलं नाहीत, सारखं "तू धड आहेस ना" एवढंच विचारत राहिलात. मी धड आहे. आता नीट लिहिते. तुमचं पत्रही काल मिळालं.

बोट दुसऱ्या फेरीला होती. आजी-आजोबा खुर्च्यांवर, गुडघ्यांवर पांघरुणं. मी माईकवर चिदोरीची गोष्ट सांगत होते, धुक्याचीच. इतक्यात ओनोदेरा-सान पळत आले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. दालनातल्या चपला पायात, तशाच बर्फातून. आधी मला वाटलं, कुणी गेलं की काय.

बोट त्या वेळी आमच्या टोकाशी वळत होती. त्यांनी वाकून गॅस बंद केला, पण ती थांबली नाही. हातातून सुटली, सरळ खुर्च्यांकडे. मामा, तेव्हा मी काटा पाहिला. आकडे संपतात तिथे एक खिळा आहे ना, त्याला टेकून तो थरथरत होता. आणि बॉयलरमधून बारीक टिक, टिक असा आवाज. तुम्ही लिहिलेलं मला आठवलं. मी होते तिथेच, चालू माईक हातात.

ओनोदेरा-सान ओरडले नाहीत. पलीकडे गेले, कमरेत वाकले आणि रोजच्या हळू आवाजात म्हणाले, "फार माफी असावी, इथे जरा वारा लागतो, मंडळींना आत घेऊ या." एकेक खुर्ची फिरवली. एका आजींचं पांघरूण पडलं तर ते उचलून नीट गुडघ्यावर घातलं! मला वाटत होतं, सोडा हो, सोडा ते पांघरूण. सोबतच्या बायकांना काही कळलं नाही, पण त्यांनीही खुर्च्या वळवल्या. शेवटच्या खुर्चीला ते पाठ करून ढकलत होते तेव्हा बोट त्यांच्यामागे काठाला लागली आणि बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फुटली.

मी ओरडले ते तुम्ही ऐकलंत.

वाफ त्यांच्या मानेवर आणि डाव्या हातावर आली. अख्खी बोट दिसेनाशी झाली. आणि मामा, खिडकीतून बघणारे आजी-आजोबा टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हाच खेळ. लढाई संपली. एका आजोबांनी व्हिडिओ काढला आणि पुन्हा करा म्हणाले.

डॉक्टर म्हणतात काचेच्या बारीक भोकातून दाब निघून गेला म्हणून निभावलं. बॉयलर फुटला असता तर, हे त्यांनी अर्धंच सोडलं. हात बरा होईल, मानेवर डाग राहील.

काल ओनोदेरा-सान गळ्यात हात बांधून आमच्या घरी आले. मिठाईचा डबा घेऊन. तुमची माफी मागायला! तुमची बोट त्यांच्याकडे ठेवायला दिली होती आणि तिची काच फुटली म्हणून. मला इतकं रडू आलं की अनुपनं चहा केला. मी त्यांना चिंचेचं सांगितलं. ते म्हणाले, "पण चकाकत छान होती."

त्यांनी राहिलेलं पण सांगितलं. त्या धुक्यात चिदोरी शत्रूच्या पार गेली, आणि गेल्यावर बॉयलर फाटला. पाचही जण खाली. वरचे घाबरून होड्यांतून पळाले. धुकं उठलं तेव्हा बोट रिकामी, भरतीवर तरंगत होती. बादशहाच्या लोकांनी एक गोळी न झाडता ती घेतली, बॉयलरला पत्र्याचं ठिगळ मारलं आणि महिन्याभरात तीच तोफ तिच्या जुन्या सोबत्यांवर चालवली. लढाईत तिनं केलं ते एवढंच. आणि मला आता त्या पाटीवर 'अपघात' हा शब्द बघवत नाही.

मामा, मी परत तिच्याजवळ उभी राहू शकेन असं वाटत नाही. दालनातली ही अर्धवेळ नोकरी, माझा बाइतो, सुटेल कदाचित. तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण लिहा.

कस्तुरी

*

ग्योतोकु, २५ मे

कस्तुरी,

रागावलो नाही. लिहायला उशीर झाला कारण हात धड चालत नव्हता. तुमच्याकडे येऊन बॉयलर काढून नेला तेव्हा तू पाहिलंस, स्क्रूड्रायव्हर खाचेत बसत नव्हता. ओनोदेरा-सानांना मी नमस्कार केला तो आपला, पायाला हात लावून. ते एकदम मागे सरले, मग तेही वाकले, आणि आम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या टाळूकडे बघत राहिलो. मानेवरची पट्टी मला वरून दिसत होती.

सुगिउरा-सानांकडे व्हॉल्व्ह उघडला. दांडीभोवती तपकिरी कडं, काचेसारखं घट्ट. बॉयलरचं पुढचं झाकण पुरीसारखं फुगलेलं. सुगिउरा-सानांनी त्यावर बोट फिरवलं, एका जागी थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिथे ब्रेझिंगला केसाएवढी चीर गेली होती. पुढची फेरी झाली असती तर मी आज तुझ्या आईला पत्र लिहीत असतो. बॉयलर मी हॅकसॉनं आडवा कापला. पुन्हा कुणी पाणी भरू नये.

तुझ्या मामीला सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून तयार होतो. ती लॅपटॉप मिटून म्हणाली, "गेज बरोबर होतं?"

"हो."

"आणि तू पोरीला सांगितलंस, त्यावर विश्वास ठेवू नको?"

"हो."

"कारण ते तू केलं नव्हतंस."

तिनं उठून कुकर लावला, आणि पहिली शिट्टी झाली तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. ती आतून म्हणाली, "ये आत, मी उभी आहे इथे." आता रोज असंच चालतं.

आता जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी सांगतो. त्या आजोबांचा व्हिडिओ फार लोकांनी पाहिला. त्यावरून टोकियोच्या एका इव्हेंट कंपनीचा माणूस मला शोधत परवा ग्योतोकुला आला, जयेश नावाचा, नाशिकचा मुलगा. स्टेशनजवळच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसलो. बरोबर त्याचे जपानी साहेब, ते सबंध वेळ नुसते मान हलवत होते.

"काका, सिंपली अमेझिंग," जयेश म्हणाला. "पूर्ण समर, दर रविवारी लाइव्ह शो. खाडीची लढाई. बाकीची जहाजं आम्ही मोटरवर करू, पण चिदोरी खऱ्या वाफेवर हवी. नवा बॉयलर तुम्ही करा. प्रेशर तेच ठेवा, स्पीड मस्त दिसतो."

"सेफ्टी व्हॉल्व्ह तीनला उडेल," मी म्हणालो.

"तेवढंच जरा म्यूट करायचंय, काका. काय होतं, नॅरेशन ऐकूच येत नाही ना. आणि शेवटी तो काच फुटायचा मोमेंट, तो रिमोटवर. ऑडियन्स सेफ, टेन मीटर्स मागे."

"आणि बोटीजवळ कोण उभं राहणार?"

"ज्यांचा व्हिडिओत आवाज आहे त्याच मॅडम. कस्तुरी-सान. तो स्क्रीम फार रिअल आहे. त्यांना आम्ही परमनंट घेतोय, फुल टाइम, व्हिसासकट. तुम्ही नातेवाईक आहात ना? मग तर फॅमिली प्रोजेक्ट."

मी विचारलं, "बाळ, त्या पाच माणसांचं काय झालं ते वाचलंस का?"

"हो ना, तोच तर इमोशनल अँगल आहे."

साहेबांनी बॅगेतून कागद काढून माझ्यापुढे सरकवला. पाटीचा नमुना होता, मराठी, जपानी, इंग्रजी, तिन्हींत. 'निर्माता आणि मुख्य इंजिनिअर'. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एका अक्षराची चूक नव्हती. मी ते दोनदा वाचलं. इथे आठ वर्षं माझ्या रहिवासी कार्डावर 'डिपेंडंट', म्हणजे बायकोच्या व्हिसावर आलेला, असं लिहिलेलं आहे, आणि सुगिउरा-सान सोडले तर एकाही माणसानं मला विचारलेलं नाही की हे तुम्ही कसं केलंत.

तुझी नोकरी त्यात होती, हे मला कळत होतं. कायमची. तू हो म्हणाली असतीस की नाही, मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. तुला न विचारता उत्तर दिलं. जयेश पुन्हा म्हणाला, "काका, घाई नाही, विचार करा." पण घाई मलाच होती. माझा हात टेबलाखाली थरथरत होता आणि तो थांबायच्या आत मला बोलायचं होतं, कारण तो थांबला असता तर मी कदाचित हो म्हणालो असतो. पाटी मी परत सरकवली आणि नाही म्हणालो, मराठीत एकदा आणि जपानीत एकदा. नव्या बॉयलरचे, बोटीचे आणि माझ्या एका उन्हाळ्याचे मिळून ते पस्तीस लाख येन देत होते.

प्रल्हादमामा